वेगळा तवा

२९ ऑगस्ट १९५५
काल एकादशी. दिवसभर वरी, साबुदाणा, रताळं. पोट बरं. संध्याकाळी गच्चीवर फिरलेसुद्धा. आज सकाळी नेहमीप्रमाणे पोळी-भाजी खाऊन शाळेत गेले आणि वर्ग अर्धवट सोडून पळावं लागलं. मुली आता मी उठले की आपणहून पुस्तकं उघडून बसतात. कुणी हसत नाही. हसल्या असत्या तर बरं.
वहिनीने माझी कपबशी वेगळ्या फळीवर ठेवली आहे. छातीचा फोटो स्वच्छ आला, क्षय नाही, दादाने रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवला, तरी. शोभाला माझ्या अंथरुणात झोपू देत नाही. नऊ वर्षांची पोर, तिला काय कळतं, विचारते, "आत्या, तू मला कंटाळलीस?"
वहिनीचा राग येत नाही. तिच्या जागी मी असते तर…

४ सप्टेंबर
पोलकी पुन्हा आत घेतली. आरशात गळ्याची हाडं. आई असती तर म्हणाली असती, उपास कमी कर. खरं म्हणजे उपासाच्याच दिवशी बरं वाटतं. इतकी वर्षं समजत आलेय, देवाची कृपा. म्हणून सोमवार धरला, मग गुरुवार धरला. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणतात, वत्सलाताई फार धार्मिक.

८ सप्टेंबर
बेला जबरदस्तीने डॉक्टरांकडे घेऊन गेली. शाळेत भूगोल शिकवते ती, बेहालाहून येते. डॉ. लाहिरी तिच्या ओळखीचे, विलायतेहून नुकतेच परत आलेले. तरुण आहेत. इतक्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, यकृताची इंजेक्शनं दिली. यांनी विचारलं, "बरं कधी वाटतं?"
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, उपासाच्या दिवशी.
"उपासाला काहीच खात नाही?"
"खाते की." आणि काय काय ते सांगितलं. ते लिहीत गेले. मग लेखणी थांबवून म्हणाले, "यात गहू कुठेच नाही."
गव्हात ग्लूटेन म्हणून चिकट पदार्थ असतो, काही जणांच्या आतड्याला तो सोसत नाही. तिकडे लहान मुलांचा गहू बंद करून पाहिला, मुलं सुधारली. मोठ्या माणसांचा अनुभव अजून थोडा. "करून बघू. गहू, रवा, मैदा, सातू, सगळं बंद. दूधही काही महिने बंद. आतडं दुखावलंय, दूध पचणार नाही."
किती दिवस? दुधाचं पुढे बघू म्हणाले. गव्हाचं बहुधा कायमच.
ट्राममध्ये बेला म्हणाली, "एवढंच ना, वत्सलादी? भात खा." तिला हे इतकं सोपं वाटलं की मला हसूच आलं. पोळी म्हणजे काय, ते बंगालीत कसं सांगायचं?

९ सप्टेंबर
घरी सांगितलं. दादा म्हणाला, "पण पोळीने कधी कुणाला काही झालंय?"
वहिनी म्हणाली, "माझ्या हातचं बाधतं, असं सरळ सांगा ना वन्सं."
तिला खरंच तसं वाटलं. सांगलीची ती. या गावात तिचं असं काय आहे? बाजारात भाषा येत नाही, शेजारणींशी खुणांनी बोलते. तिच्या पोळ्यांना आम्ही नावाजतो, तेवढंच तिचं माहेर.

२२ सप्टेंबर
मंडळाच्या गणपतीत सत्यनारायण. प्रसादाचा शिरा. रवा, दूध, दोन्ही. मी हात मागे घेतला. वाटणाऱ्या काकू थांबल्या. "प्रसादाला नाही म्हणतेस?" सगळ्या बघत होत्या. वहिनी दुसरीकडे पाहायला लागली. मी हात पुढे केला. तोंडात टाकलं.
गोड होता. फार दिवसांनी.

२४ सप्टेंबर
दोन दिवस शाळा नाही. पो. फार बिघडलं. डॉक्टरांना कळवलं नाही. काय कळवणार? देवाला नाही म्हणता येतं, काकूंना नाही म्हणता आलं नाही.

६ ऑक्टोबर
बिनदुधाचा चहा आता जमतो. फरक आहे. पायांची सूज उतरली. आज जिना न थांबता चढले आणि वर पोचल्यावर कुणाला सांगावं ते कळेना. दादा कचेरीत, फोर्ट विल्यमला. वहिनी झोपलेली. मग शोभा आली शाळेतून, तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण मी तर रोज चढते."

१० ऑक्टोबर
डॉ. म्हणाले, पीठ लागलेली भांडीसुद्धा नकोत. वहिनीला म्हटलं, माझ्या भाकरीला वेगळा तवा घेऊ या.
तवा ठेवून ती सरळ उठून गेली. संध्याकाळी दादाजवळ रडत होती. "आज तवा वेगळा, उद्या चूल वेगळी म्हणतील. लोक मला काय म्हणतील?"
दादा माझ्याकडे येऊन म्हणाला, "तू थोडं सांभाळून घे."
घेतलं. बिडाचा तवा मीच आणला, मीच माझ्या ट्रंकेखाली ठेवते. भाकरीपुरता काढते.

२३ ऑक्टोबर
दुर्गापूजेची सुट्टी. काल दादा सगळ्यांना घेऊन रोषणाई बघायला गेला. मला म्हणाला, "चल की." पण मग वाटेत ती कचोरी, तो शिंगाडा म्हणजे इथला समोसा, आणि मी कडेला उभी. नको म्हटलं.
आज दुपारी बेला आली आणि ओढून तिच्या बेहालाच्या मंडपात घेऊन गेली. भोगाची खिचडी. तांदूळ, मूग. वाढणाऱ्याला तिने आधीच विचारून ठेवलं होतं. ओळीत मांडी घालून बसले, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, ठाऊक नाही. सगळ्यांच्या पानात होतं तेच माझ्या पानात. दुसऱ्यांदा मागून घेतली. डोळ्यांत पाणी आलं ते खिचडी गरम होती म्हणून, असं बेलाला सांगितलं.

१९ नोव्हेंबर
पुन्हा पो. बिघडलं. काहीच चुकवलेलं नाही. वहिनीने हल्ली माझी भाकरी करायचं आपणहून अंगावर घेतलंय, म्हणते तुम्हाला शाळेची घाई. आमच्यात जरा बरं चाललंय. आणि आता हे.

२६ नोव्हेंबर
वजन उतरलं. डॉ. लाहिरी गोंधळले. म्हणाले, "कदाचित माझंच चुकलं असेल. ग्लूटेन हे कारण नसेलही."  कारण नसेल तर मग परत सगळं तसंच. शाळेच्या मोठ्या बाईंनी आज विचारलं, लांब रजा घेणार का. लांब म्हणजे काय ते दोघींना कळलं.

३० नोव्हेंबर
सुट्टी होती म्हणून स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाकरी थापत होती. तांदळाच्या पिठात डब्यातून कणीक घातली, मूठभर.
मी दारातच. म्हटलं, "वहिनी, हे काय?"
"अहो, नुसत्या तांदळाची तुटते ना. उचलताच येत नाही. थोडी कणीक घातली की कशी गोल होते."
"केव्हापासून?"
"दिवाळीपासून. मूठभराने काय होतंय? तुम्ही तर छान खात होता."
ओरडावंसं वाटलं. पण ती इतकी सरळ बघत होती. भाकरी खरंच सुंदर झाली होती, गोल, फुगलेली. म्हटलं, "तुटकीच चालेल मला." तिचं तोंड उतरलं. मला खात्रीने सांगता येणार नाही, की तिला मला पारखून बघायचं होतं, की भाकरी बरी व्हावी एवढंच होतं. दोन्ही असेल.
पाणी उकळून उकड काढायची आणि मग मळायची, मग तुटत नाही, हे तिला दाखवलं. तिने पाहिलं.

१४ डिसेंबर
पो. बरं. डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा ते टेबलावर हात आपटून हसले. "तुमच्या वहिनींनी तर सिद्धच करून दिलं." त्यांना आनंद झाला. मलाही व्हायला हवा होता. म्हणजे आता खरोखरच कायमचं.

१५ जानेवारी १९५६
बेलाकडे पौष संक्रांत. तिची आई, मी तिला मासीमा म्हणते, म्हणजे मावशी, पिठे करत होती, तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ. ढाक्याकडची माणसं, फाळणीनंतर काही दिवस सियालदह स्टेशनावर काढलेली, आता बेहालात दोन खोल्या आणि मागे एक. मासीमा मी नेलेल्या तिळगुळाला हात लावून म्हणाली, हे तुमचं पिठेच की. तिने पातिशाप्टा, म्हणजे सारण भरलेलं धिरडंच, नुसत्या तांदळाच्या पिठाचा केला, सारण खोबरं-गुळाचं, खव्याशिवाय. पहिला फाटला. दुसरा फाटला. तिसरा माझ्या पानात. "मैदा घालतात सगळे," म्हणाली, "आम्हीही घालतो. तुझ्यासाठी नाही घातला." फाटलेले तिने स्वतः खाल्ले.
मासीमा विधवा. तिची चूल वेगळी, शाकाहारी. बेलाचे मासे बाहेरच्या शेगडीवर. घरात दोन चुली आणि कुणी रडत नाही.

९ फेब्रुवारी
दादाची बदली. दिल्ली. एप्रिलमध्ये निघायचं, हे सरकारी घर सोडायचं. वहिनी आनंदात आहे, तिची बहीण तिथे करोलबागेत. आज किती तरी महिन्यांनी तिला गुणगुणताना ऐकलं. शोभा भिंतीवरचा नकाशा काढून बघतेय.
दादा म्हणाला, "तुलाही तिथे शाळेत लावून देऊ."
मी हो म्हटलं. मग जेवताना लक्षात आलं. दिल्लीला दोन्ही वेळा रोटी. शेजारी, शाळा, लग्नकार्यं. पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना सांगायचं, हात मागे घ्यायचा. आणि डॉ. लाहिरी इथे.

१८ फेब्रुवारी
बेलाला सांगितलं. ती म्हणाली, "आमची मागची खोली रिकामी आहे. मा म्हणत होती." पुन्हा थांबून, "जेवण माच्या चुलीवर. चालेल तुला?"
म्हणजे विधवेच्या चुलीवरचं. लग्न न झालेली मी. तिला विचारणं जड गेलं, दिसत होतं.

२० फेब्रुवारी
दादाशी बोलले, बेलाकडे राहण्याचं. तो चिडला नाही, चिडला असता तर बरं. "परक्या घरात? आजारी पडलीस तर?" म्हटलं, आजारी पडते ती घरातच.
हे बोलायला नको होतं. वहिनीने ऐकलं.

२७ मार्च
काल होळी. वहिनीने पुरणपोळ्या केल्या. मला पुरण वाटीत, नुसतं, वर साजूक तूप. दूध बंद पण तूप चालतं, हे तिने केव्हातरी ऐकून लक्षात ठेवलं होतं. वाटी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पुरण वाटतानाच वेगळं काढलंय. पीठ कुठे लागलेलं नाही." मग पदराने हात पुसत, "दिल्लीला मोठा तवा घेऊ तुमच्यासाठी. चांगला."
मी तूप पुरणात कालवत राहिले.
शोभा म्हणाली, "आत्या, दिल्लीला माझं शुद्धलेखन कोण घेणार?" तिचं मराठी माझ्याकडून. आईशी बोलते, पण लिहिते ती माझ्याजवळ बसून. इथे राहिले तर मी कुणाशी मराठी बोलणार? मंडळात, महिन्यातून एखाद्या रविवारी. बाकी पोटापुरता भात आणि दिवसभर बंगाली.
तिकडे भाषा, इकडे अन्न. एवढं एका वाक्यात बसतं आणि तरी महिनाभर झोप नाही.

३१ मार्च
शाळेनंतर एकटीच बेहालाला गेले, खोली बघायला. छोटी आहे. खिडकीतून तळं दिसतं, पलीकडे कुणाच्या तरी नारळी. भिंतीला नवा चुना. मासीमाने कोपऱ्यात एक फळी रिकामी करून ठेवली होती, म्हणाली, तुझ्या पिठांना. मग चहा करायला गेली.
खोलीत मी एकटी. म्हटलं, बघू तरी कसं वाटतं. मोठ्याने म्हणाले, "ट्रंक इथे ठेवीन. खाट त्या भिंतीला." माझा आवाज भिंतींना लागून परत आला, घरात कुणी नसताना येतो तसा.
बाहेरून मासीमाने विचारलं, "की बोल्ले, मा?"
काय म्हणालीस, बाळ. मी काही नाही म्हटलं. पण ते मराठीत म्हणाले. ते तिला कळलं नाही, आणि ती चहा घेऊन दारात आली, कान पुढे करून, पुन्हा नीट ऐकायला.
घरी आले तेव्हा दादा वाट बघत होता. "सोमवारी कचेरीत नावं द्यायची आहेत प्रवासाची. तुझं घालू?"
वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.
म्हटलं, "उद्या सांगते."