लाकडावरचं शेवाळ

२ फेब्रुवारी, रविवार
ही रोजनिशी का लिहिते आहे ते आधीच नोंदवते, म्हणजे पुढे माझा गैरसमज व्हायला नको. घरात पाणवनस्पतींचा टँक लावणार आहे. हा छंद नाही, प्रयोग आहे. प्रयोगाला नोंदी लागतात.

शुक्रवारी विहंगचा आमच्या ऑफिसातला शेवटचा दिवस होता. हैदराबादच्या प्रोजेक्टवर गेला. जाताना सगळ्यांना संत्रा बर्फी दिली. मला संत्रा बर्फी आणि पाण्यानं भरलेली एक पिशवी. पिशवीत वीतभर लाकूड, लाकडावर दोऱ्यानं बांधलेलं हिरवंगार जावा मॉस. म्हणाला, "तू पाण्याची इंजिनिअर. तुझ्याकडे जगेल. एप्रिलमध्ये येईन तेव्हा बघतो."

माझ्या व्यावसायिक क्षमतेबद्दल केलेलं हे विधान आहे. ते तपासून पाहणं भाग आहे. बाकी काही नाही.

सध्या लाकूड बादलीत. बादली आत्याची आंघोळीची. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण यमुताई, पारशिवनीची. आई-बाबा नातवासाठी पुण्याला दादाकडे गेले, आणि आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला, आमच्या नंदनवनातल्या घरी आली ती इथेच राहिली. मी तिची काळजी घेते. (स्वयंपाक ती करते. कपडे ती वाळत घालते. काळजी मी घेते.)

सकाळी विचारत होती, "काहून वं मुग्धा, बादलीत काडी कायले भिजवून राहिली? दातून करतं का?"

५ फेब्रुवारी, बुधवार
मी कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट डिझाइन करते. त्यापुढे दोन फुटी टँक म्हणजे पाण्याचा ग्लास. त्यामुळे यूट्यूबवरच्या उत्साही मंडळींचं मार्गदर्शन घेणार नाही.

तळाला माती, वर वाळू, मग रोपं, फिल्टर, दिवा. मासे महिन्याभरानं. नव्या पाण्यात अमोनिया खाणारे जिवाणू वाढायला वेळ लागतो. तोवर मासे सोडणं म्हणजे संडास बांधायच्या आधी पाहुणे बोलावणं. हे वाक्य मी क्लायंटना ऐकवते. अजून एकाही क्लायंटनं ऐकलेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
सीताबर्डीला जाऊन सामान आणलं. दुकानदार रोशन. म्हणाला, "मॅडम, मासे आजच घेऊन जा ना. औषध टाकलं की पाणी रेडी. हो जायेगा." मी त्याला नायट्रिफिकेशन समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग निऑन देऊ का गप्पी?"

मासे घेतले नाहीत. शिस्त म्हणतात ती हीच.

९ फेब्रुवारी, रविवार
टँक लागला. हॉलमधल्या पूर्वेच्या खिडकीशी. तिथे थेट ऊन येतं आणि उन्हानं शेवाळ धरतं, हे मला माहीत आहे. पण फोटोत उजेड तिथेच बरा येतो. पडदा लावेन.

विहंगला फोटो पाठवला. केवळ प्रारंभिक स्थिती म्हणून. त्यानं अंगठा पाठवला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मासे आणले. सहा निऑन, चार गप्पी.

कारण: मासे नसले की फोटोत टँकच्या आकाराचा अंदाज येत नाही. उद्या विहंगला प्रगती अहवाल पाठवायचा आहे. उद्या चौदा तारीख आहे हा योगायोग. प्रगती अहवाल मी नेहमी शुक्रवारीच पाठवते.

१६ फेब्रुवारी, रविवार
पाणी दुधासारखं झालं आहे. हे अपेक्षित होतं. (नव्हतं, पण आता आहे.)

दोन निऑन गेले. दुकानातूनच अशक्त आले असणार. आत्यानं विचारलं, "ते मासोयी आडवी काहून झाली वं? झोपली का?" मी हो म्हटलं. ती बराच वेळ हळू आवाजात बोलत होती, झोपमोड होऊ नये म्हणून.

फोटोला विहंगचं उत्तर आलं: "मस्त". संक्षिप्त. तांत्रिक माणसं असंच लिहितात.

२४ फेब्रुवारी, सोमवार
अमोनिया पुन्हा वर. मापन बरोबर, पाणी बरोबर, मी बरोबर. मग आज ऑफिसातून लवकर आले तर कारण सापडलं. आत्या स्टुलावर चढून टँकमध्ये कणकेच्या गोळ्या टाकत होती. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं.

म्हणाली, "रामटेकच्या तलावात लोक गोया टाकतेत, पुण्य लागते. तुह्या मासोयांनं काय पाप केलं?" मी तिला पाण्यातला सेंद्रिय भार म्हणजे काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मंग उपाशी ठेवतं का त्याईले?"

आजपासून कणीक बंद. टँकसमोर खुर्ची टाकून बसायची मात्र परवानगी दिली आहे. ती तशीही दुपारभर तिथेच असते. म्हणते, टीव्हीपेक्षा बरं, हे लोक एकमेकाईच्या घरात आग लावत नाहीत.

४ मार्च, मंगळवार
शेवाळ. काचेवर हिरवं, वाळूवर तपकिरी, फिल्टरच्या नळीवर म्हाताऱ्याच्या दाढीसारखं. पडद्याचं कापड अजून पसंत पडलेलं नाही. तोवर आत्यानं खिडकीला तिचं जुनं लुगडं बांधलं आहे. उपाय परिणामकारक आहे. फोटोतून कापावा लागतो.

समाधानाची बाब: विहंगचं मॉस उत्तम आहे. नवे कोंब. लाकूड पूर्ण झाकलं गेलं. टँकमध्ये माझ्यामुळे जगलेली ही पहिली गोष्ट आहे. किंवा माझ्याबरोबर. शब्द नंतर ठरवेन.

१६ मार्च, रविवार
उद्यापासून चंद्रपूरला साइटवर. गुरुवारी परत. टँक आत्याच्या हवाली करते आहे.

सूचना एकच दिली, कारण जास्त सूचना दिल्या की माणसं गोंधळतात: शेवाळ दिसलं की काढून टाक. काचेवर, दगडावर, लाकडावर, कुठंही. दया दाखवू नको. दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं. साइटवर आम्ही असंच करतो. ती म्हणाली, "तू बिनघोर जाय. जिंदगीभर निंदन केलं म्या. एक काडी नाही ठेवत." चाळीस वर्षं शेतातलं तण काढलेली बाई. यापेक्षा भरवशाचा ऑपरेटर मिळणार नाही.

२० मार्च, गुरुवार
लाकूड स्वच्छ आहे.

एवढंच लिहून पेन ठेवलं होतं. पुढे लिहिते.

मी बॅग खाली ठेवायच्या आत आत्यानं हाताला धरून टँकपाशी नेलं. "पाय, कसं चकाचक केलं!" काच स्वच्छ. दगड स्वच्छ. लाकूड तर काथ्यानं घासलेलं, नुकतंच सुताराकडून आल्यासारखं. म्हणाली, "लाकडावरचं शेवाय लई चिवट वं. कोन तं त्याच्यावर दोराबी गुंडाळला होता. ब्लेडनं कापला."

ते कुठे आहे, विचारलं. गच्चीवर, मोगऱ्याच्या कुंडीत, खत म्हणून. जाऊन पाहिलं. तीन दिवसांच्या उन्हानं वाळून त्याचा पानटपरीवरचा खर्रा झाला होता.

खाली येऊन मी शांतपणे सांगितलं की ते शेवाळ नव्हतं, मॉस होतं.

"मॉस म्हनजे काय?"

मॉसला मराठीत शेवाळ म्हणतात. शब्दकोश उघडून पाहिला. शेवाळ. मग काचेवर धरतं त्या अल्गीला काय म्हणतात तेही पाहिलं. शेवाळ. एक झाड, एक चिकटा; एक जपायचं, एक खरवडायचं; आणि दोघांना मिळून शब्द एक. म्हणजे चूक माझी नाही, आत्याचीही नाही. मराठीची आहे. तशी नोंद करते.

मी रागावले नाही. फक्त "बरं" म्हटलं आणि खोलीत आले. जेवले नाही, कारण प्रवासानं भूक मरते.

२३ मार्च, रविवार
रोशनकडून नवं मॉस आणलं, लाकडाला बांधलं. हे जरा फिकट आहे आणि पानं वेगळ्या कोनात फुटतात. रोशन म्हणाला, "सेम टू सेम आहे मॅडम, कोणाचा बाप नाही ओळखू शकत." बापाचा प्रश्नच नाही. ज्यानं ते वाढवलं तो पाहताक्षणी ओळखेल. विहंगसारख्या जाणकाराला फसवणं मला पटत नाही. त्यामुळे फसवणार नाही. विषय काढणार नाही, इतकंच.

आत्या पिशवीकडे पाहतच राहिली. "म्या इतकं घासघासून काढलं अन् तू पैशे देऊन शेवाय आनलं?" मग फोनवर पारशिवनीला कुणाला तरी सांगत होती, "नागपूरले शेवाय इकत भेटते वं माय! अन् लोक घेतेत!"

२९ मार्च, शनिवार
आत्याची टँकसमोरची खुर्ची या आठवड्यात रिकामीच आहे. दुपारी मागच्या बाल्कनीत बसते. म्हणते, गुडघ्याला ऊन पाहिजे. बाहेर चाळीस अंश आहे. पण गुडघ्याला ऊन लागत असेलही. मी हाडांची तज्ज्ञ नाही.

विहंगचा मेसेज: तेरा तारखेला नागपुरात, जमलं तर चक्कर टाकतो. "जमलं तर" हा त्याचा नम्रपणा.

५ एप्रिल, शनिवार
टँकचं पाणी तेहतीस अंश. नवं मॉस पिवळं पडतंय. बाटल्यांत बर्फ करून पाण्यात तरंगवला, पुरला नाही. शेवटी हॉलमधला कूलर टँककडे वळवला. आत्या पदरानं वारा घेत म्हणाली, "मासोयांले कूलर, अन् आपल्याले पंखा. पुढच्या जन्मी तुह्या टँकातच येतो वं."

नवा कुर्ता घेतला. फिका हिरवा. जुन्याचं प्रतिबिंब काचेत भडक दिसतं.

१२ एप्रिल, शनिवार
काच पुसली. पिवळी टोकं कात्रीनं छाटली. लुगडं काढून पडदा लावला. घरातल्या सगळ्या गोष्टी टँकला शोभतील अशा ठेवल्या, त्यात मीही आले, पण क्रमानं शेवटी.

आत्या म्हणाली, "पोरगा येऊन राहिला म्हनते?" मी स्पष्ट केलं की तो टँक पाहायला येतो आहे. ती म्हणाली, "हो वं. आमच्या टायमालेबी पोरं बैलजोडीच पाहाले येत."

१३ एप्रिल, रविवार
तांत्रिक भेट पार पडली. मुद्दे असे.

विहंग आला, "काय उकडतंय यार" म्हणाला, कूलर स्वतःकडे वळवला आणि टँककडे पाठ करून बसला. आत्यानं पन्हं दिलं. दोन ग्लास प्यायला. हैदराबादमधली घरभाडी, हैदराबादमधलं ट्रॅफिक, हैदराबादमधली बिर्याणी, या क्रमानं बोलला. आत्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मी हैदराबादच्या तिन्ही विषयांवर योग्य तिथे मान हलवली.

शेवटी मीच म्हटलं, "मॉस."

"कोणतं?"

मी त्याच्या मागे बोट दाखवलं. तो वळला. "अरे, ते! ते अजून आहे? भारी वाढलं की."

मी गप्प. ठरवलं होतं तशी. पण आत्याचं तसं काही ठरलेलं नव्हतं. तिनं हात जोडले. "ते तुमचं नोहे बापा. तुमचं म्या शेवाय समजून काढून फेकलं. पोरगी तवापासून माह्याशी नीट बोलली नाही. तिले काही म्हनू नका, चूक माही हाय."

मला बसल्या जागी पाणी बदलावंसं वाटलं. कुठलंही.

विहंग मोठ्यानं हसला. "अहो आत्या, बरं केलं! ते ज्या टँकमधलं होतं तो ऋषीचा, माझ्या लहान भावाचा. तो शिकायला बाहेर गेला, तर आई मागे लागली, रिकामा कर म्हणून. बाकीचं मी नाल्यात ओतलं. हे एक हिरवं होतं, फेकायला कसंतरी वाटलं, म्हणून हिला देऊन टाकलं. मला त्यातलं काय कळतं!"

मग घड्याळ पाहिलं. अजून दोन ठिकाणी जायचं होतं त्याला.

दारात चप्पल घालताना म्हणाला, ऋषीचा तीन फुटी टँक घरी पडला आहे, आई त्यात कांदे ठेवते, तुला पाहिजे तर घेऊन जा. "मी उद्याच जातोय, पण आई देईल." मी ताबडतोब आणि स्पष्ट नकार दिला.

तो गेल्यावर कूलर पुन्हा टँककडे वळवत होते. आत्यानं मला थांबवून तो खुर्च्यांकडे केला, एका खुर्चीत स्वतः बसली आणि दुसरी मला ओढून दिली. मग म्हणाली, "पोरगा बोलाले बरा हाय. पन टँक पाहाले आला अन् टँक पायला नाही."

मी म्हटलं, कूलरची दिशाच तशी होती.

"हो वं," ती म्हणाली. "कूलरचीच चुकी."

नंतर दोघींनी मिळून उरलेलं पन्हं संपवलं. मासे आठ आहेत. मॉस पिवळंच आहे. भेटीचा निष्कर्ष: प्रयोग आता बाहेरच्या कुठल्याही व्यक्तीवर अवलंबून नाही. हे चांगलंच झालं.

फक्त एक मुद्दा राहतो. कांदे काचेच्या बंद टँकमध्ये ठेवले की खालून कुजतात, त्यांना हवा लागते. हे विहंगच्या आईला कुणी तरी समक्ष सांगायला हवं. इंजिनिअर म्हणून ते माझं कर्तव्य आहे. बुधवारी ऑफिसातून परस्पर जाईन. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं आहे.