शालूचं लाल कार्ड

मी, उषाबाई रखमाजी पडोळ, वय ६८ वर्षे, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. जिल्हा फुटबॉल संघटनेतल्या काही जणांना त्याबद्दल शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे यजमान हयात नाहीत आणि हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून माझाही भरवसा नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मसुदा वाचून वकील सुमेधा म्हणाली, "बाई, एवढा राग कागदावर कशाला?" मी म्हटलं, राग ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे, तिचीही वाटणी व्हायला पाहिजे.

कलम १. भोकरदन येथील राहतं घर, त्यातील सामानसुमान व बँकेतील ठेव माझा मुलगा निखिल व सून गंधाली यांना समान हिश्श्याने मिळावी. दोघं पुण्याला असतात. माझ्या दुखण्यात त्यांनी माझं सगळं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक दिवाळीला निखिल विचारतो, "आई, त्या वावराचे प्लॉट कधी पाडायचे?" त्याचं उत्तर पुढे आहे.

कलम २. जाफराबाद रस्त्यालगतचं वावर मी माझ्या पगारातून घेतलं. ते वडिलोपार्जित नाही, त्यामुळे कोणाचा हक्क लागत नाही. तिथे कापसाची सरकी न लावता मी गोलपोस्ट उभे केले आणि गावच्या नदीचं नाव दिलेला केळना फुटबॉल संघ, म्हणजे आमचा मुलींचा संघ, तिथेच घडला. हे मैदान मी शालू रामप्रसाद गाडेकर हिला देत आहे. ती संघाची कर्णधार होती, आता माझ्या जागी मुलींना शिकवते. मुख्य अट ही, तिथे प्लॉट पडणार नाहीत. निखिलने कोर्टात जाऊ नये. तिलाच का, हे समजून घ्यावं, म्हणून पुढचं लिहिते.

कलम ३. सन २०१६ साली जालन्याला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. शालू बॉल घेऊन गोलसमोर शिरली आणि मागून एका मुलीने शर्ट ओढून तिला पाडलं. पंच सर्जेराव यांनी शिट्टी मारली. पेनल्टी मिळाली असं सगळं मैदान समजलं. सर्जेरावांनी लाल कार्ड काढलं, आणि दाखवलं कोणाला, तर शालूला. तिने म्हणे शिवी दिली. उठता उठता शालू एवढंच म्हणाली होती, "सर, तिनं शर्ट धरला ना." मी रेषेवर उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं.

पोरी मैदान सोडून निघाल्या. मी त्यांच्या आडवी आले.

"बाई, कशाला खेळायचं? त्यायनं ठरवूनच टाकलंय."

"मैदानात पंचाला उलटून बोलायचं न्हाई. तुम्ही खेळा. बाहेरचं मी बघते."

त्या दहा जणी रडत खेळल्या आणि हरल्या. परत येताना एकीने गोलकीपरला बोल लावला, तेव्हा मी जीप थांबवली. कोणाचं चुकलं ते मी सरावात तोंडावर सांगेन, पण हरल्यावर कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, हा माझ्या संघाचा नियम होता. राज्याच्या निवड यादीतून शालूचं नाव मात्र कापलं गेलं.

कलम ४. माझा पुतण्या भारत इथे साप्ताहिक चालवतो. त्याने शालूच्या फोटोवर मथळा दिला, 'उद्धट खेळाडूमुळे भोकरदनची नाचक्की'. मी त्याच्या कचेरीत गेले.

"भारत, संघ माझा आहे. हरले तर मी हरले. शिव्या द्यायच्या त्या मला दे. पोरीचा फोटो कशाला छापला?"

"काकू, लोकायला असलंच वाचायला आवडतं."

त्या फोटोपायी शालूच्या बापाने, रामप्रसादने, पोरीला घरी बसवलं. "बाई, पोरगी पेपरात आली. आता बस्स," एवढंच म्हणाला. मी त्याच्या गावी खेटे घातले, तो ऐकेना. ज्या वयात राज्याकडून खेळायचं, त्या वयात ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत होती. पुढे शिकली, उभी राहिली, ती स्वतःच्या जिद्दीने.

भारतला मी माझे जुने बूट देते. ते घालून त्याने मैदानाला पळत एक फेरी मारावी. मंग मुलींबद्दल लिहावं.

कलम ५. सामन्यानंतर पंचांना जाब विचारला म्हणून संघटनेने मला दोन वर्षं मैदानबंदी केली. माफी मागा, बंदी उठवतो, असा निरोप आला. मी मागितली नाही. कुंपणाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून, ओरडून ओरडून संघ खेळवला. दुसऱ्या वर्षी पोरींनी चषक जिंकला आणि थेट ट्रॉलीपाशी आणला. तो संघाचा आहे. तो कोणाला द्यायचा मला अधिकार नाही.

कलम ६. माझ्या ऑपरेशननंतर याच संघटनेने निखिलकडे माझा फोटो मागितला. 'उषाबाई स्मृती चषक' सुरू करायचा आहे म्हणे. मी जिवंत आहे! मेल्यावरही माझ्या नावाने चषक, फलक, शोकसभा काही करू नये. शालूचं लाल कार्ड चुकीचं होतं, असं लेखी जाहीर करेपर्यंत संघटनेचा एकही सामना माझ्या मैदानावर होऊ नये.

कलम ७. गेल्या पोळ्याच्या सुमारास सर्जेराव सफरचंदं घेऊन मला बघायला आले. पंख्याकडे बघत म्हणाले, "बाई, पोरगी काहीच बोलली न्हवती. मला संघटनेतून फोन आल्ता, तुमचा संघ जिंकू द्यायचा न्हाई म्हणून."

"हे मला का सांगून राह्यला?"

"मन हलकं व्हावं म्हणून."

"तुझं मन हलकं करायला मी बसलेय का? शालूच्या दारात जा."

"तितं जायची हिंमत व्हत न्हाई, बाई."

मी सफरचंदांची पिशवी त्यांच्या हातात परत दिली. आजपर्यंत ते शालूकडे गेलेले नाहीत. म्हणून या कलमात मी लिहिलं होतं की सर्जेराव यांनी माझ्या मैदानात कधीही पाय ठेवू नये.

काल शालूला बोलावून मी हे सगळं वाचून दाखवलं. फोनचं तिला प्रथमच कळलं. ती उठून खिडकीपाशी गेली. तिथूनच म्हणाली, "बाई, हे खोडा. त्यायला येऊ द्या."

"माफ करणार त्याला?"

"बिलकुल न्हाई. पोरींसमोर उभं करून विचारणार, मी काय शिवी दिल्ती ते सांगा."

म्हणून आधीचा मजकूर खोडून कलम ७ नव्याने लिहीत आहे: सर्जेराव यांना मैदानात प्रवेश आहे. बसायला खुर्ची देऊ नये.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, आणि त्यांची तक्रारही नाही.

ठिकाण: भोकरदन
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) उषाबाई रखमाजी पडोळ

साक्षीदार:
१. (सही) सगुणाबाई विठोबा सोनुने, भोकरदन
२. (सही) श्रीपती नारायण देशपांडे, भोकरदन