कडंची टिंबं

बाई, तुमाला देवाघरी जाऊन आता लई वर्षं झाली. केम गावाजवळच्या आपल्या शाळंत मी सातवीपतुर शिकले, मग लगीन झालं आन् सोलापुरात आले. हितं घरीच मशीनवर टॉवेलाच्या कडा शिवते. पोरगी तिसरीत हाय. आत्ता ती शाळंत गेलीय, म्हणून तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं तुमाला लिवतेय.

तिच्या मॅडमनी सांगितलं, रोजचं शुद्धलेखन आईनं घरी तपासायचं, चुका पोराकडनं नीट करून घ्यायच्या आन् खाली सही करायची. माजंच लिवणं असं, मी काय तपासणार. पयले पंधरा दिवस न बघताच सही केली. पोरगी माज्यावानी मागं राहील ही भीती, आन् वही उघडायची बी भीती. मग एक दिवस ज्वारी निवडत बसले व्हते आन् तुमी आठवला. चौथीच्या वर्गात तुमी वह्यांची अदलाबदल करायला लावताय, बाकांमधनं फिरताय, आन् म्हणताय, "पुढनं वाचलं की डोळा गोष्टीमागं पळतो. मागनं या. ज्वारीतला खडा हुडकल्यागत एकेक शब्द बोटाखाली घ्या." चूक सापडली तरी शब्दाला हात लावायचा न्हाई. त्या ओळीच्या कडंला पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं, बास. कुठला शब्द चुकला ते ज्याचं त्यानं हुडकायचं.

मी तसंच चालू केलं. पुस्तक शेजारी ठेवायचं आन् मागनं एकेक शब्द ताडून बघायचा. बाई, मला जमलं की. पोरगी पानाकडं बघून म्हणली, माज्या वहीला कांजण्या आल्यात. मला हसू आलं. टिंबं द्यायची, सही करायची, दुरुस्त कर म्हणून वही तिच्या हातात द्यायची आन् मी परत मशीनवर.

गेल्या आठवड्यात मॅडमनी बोलावलं. त्यांनी वही पुढं सरकवली. सगळ्या चुका तशाच, आन् खाली माजी सही. "तुम्ही न बघता सही करता का हो?" मी पान बघितलं. एक बी टिंब न्हाई. कडंला बोट फिरवलं तर कागद घासून खरखरीत झालेला. पोरगी शेजारी उभी, नजर चपलंवर. मी म्हणले, तपासलंय मॅडम, नीट करून घ्यायचं राहिलं, उद्या आणते.

तो खरखरीत कागद माज्या वळखीचा व्हता, बाई. चौथीत माज्या बाकावरची पोरगी माजी वही तपासायची. एकदा तिनं माज्या पानावर सात टिंबं दिली. वही परत मिळाल्यावर मी खोडरबरनं सगळी पुसली आन् तशीच तुमच्याकडं दिली. तुमी तिला उभं केलंत. "दुसऱ्याचं काम असं करतीस व्हय गं?" तुमचा आवाज तेवढ्या एकदाच चढलेला मला आठवतोय. ती तासभर उभी राहिली, माज्याकडं एकदाच बघितलं. दुसऱ्या दिवसापासनं तिनं माज्या वहीत टिंब दिलं न्हाई. माज्या चुका तितनं पुढं माज्यापशीच राहिल्या.

शाळंतनं घरी येताना पोरगी म्हणली, बाकीच्यांच्या वहीत नुसती सही असती, माज्याच वहीत टिंबं. मग जरा चालून म्हणली, "मम्मी, तुज्या वहीत असायची का गं?"

मी म्हणले, "न्हाई. एक बी नसायचं."

खोटं न्हाई ते. पण खरं बी न्हाई. ती माजा हात सोडून पुढं चालाय लागली. तवापासनं तिनं टिंबं पुसायची सोडलीत, पण वही माज्या हातात दिली की पाठ फिरवती.

म्हणून काल तिला म्हणले, आता मी लिवते, तू तपास. लई खूश झाली. पेन्सिलीला टोक करून ठेवलंय तिनं. तुमाला हे धाडायचं कुटं, म्हणून शाळंतनं आल्यावर हे पान तिच्याच पुढं ठेवणार हाय. मागनं वाचत येईल, पण एकेक शब्द करत, मी खोडरबरनं टिंबं पुसली त्या ओळीपतुर येणारच. ती ओळ पुसावी म्हणून मगाशी दोनदा खोडरबर हातात घेतला व्हता, बाई.