चौसष्ट खुणा आणि एक राजीनामा

२२ नोव्हेंबर, शनिवार

दिला एकदाचा! बावीस वर्षं स्काउट पथकाचा प्रमुख राहिल्यावर माणसाने कधीतरी थांबावं, नव्यांना वाव द्यावा, वगैरे वगैरे. दोन परिच्छेद, आणि तिसऱ्यात तब्येतीचा ओझरता उल्लेख. समितीच्या अध्यक्षांना स्वतः जाऊन दिला. ते दातांचे डॉक्टर. खुर्चीत एक जण तोंड उघडून पडला होता, त्यामुळे त्यांना वाचायला सवड झाली नाही. घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.

आता येतील. दोन दिवस, फार तर तीन. "सर, तुमच्याशिवाय कसं होणार?" मी आधी नाही म्हणणार. मग विचार करतो म्हणणार. मग जानेवारीतल्या हिवाळी कौशल्य स्पर्धेचं निमित्त करून, केवळ मुलांसाठी, राजीनामा मागे घेणार.

हिला सांगितलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "खरंच देताय, की नुसताच देताय?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कोणी आलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

समितीची सभा. शाळेची तीच खोली, तेच चिमुकले बाक, गुडघे हनुवटीला. विषय पहिला — माझा राजीनामा. अध्यक्ष उठले. म्हणाले, "सरांच्या भावनांचा आपण आदर केला पाहिजे." आणि केला की! एकमताने. वर टाळ्या. बेकरीवाला गेली नऊ वर्षं माझा उजवा हात — तंबू, दोऱ्या, सगळं सामान तोच सांभाळतो. त्याने डोळे पुसले आणि मग तोच उजवा हात वर केला.

स्पर्धा होईपर्यंत मी. त्यानंतर नर्सताई.

नर्सताई म्हणजे छोट्यांच्या पथकाच्या प्रमुख. सात ते दहा वयाची बारा पोरं त्यांच्याकडे. नोकरी इस्पितळात, अतिदक्षता विभागात. कमी बोलतात. मला तो शिष्टपणा वाटतो. पोरं त्यांचं ऐकतात हे खरं आहे, पण त्या ओरडत नाहीत, त्यामुळे नेमकी कशामुळे ऐकतात ते समजत नाही.

त्यांचं अभिनंदन केलं. अगदी तोंडभर. घरी येईपर्यंत जबडा दुखत होता.

६ डिसेंबर, शनिवार

ठरलं. अशी स्पर्धा करून दाखवायची की पुढची दहा वर्षं लोक नाव काढतील. यांना पस्तावायला लावायचं, पण हसतमुखाने.

आज सहा प्रकार नक्की केले. ओल्या लाकडांवर चूल पेटवणं. जाड हातमोजे घालून दोरीच्या गाठी. वाऱ्यात तंबू ठोकणं. गारठलेल्या माणसावर प्रथमोपचार. सामान लादलेली घसरगाडी ओढणं. आणि शेवटी माझा खास — माग काढणं. रानातून तीन किलोमीटर, नुसत्या खुणांवर. दगडांचे बाण, काटक्यांच्या फुल्या, गवताला मारलेल्या गाठी. हातात नकाशा नाही, झाडांना रंगीत फिती नाहीत.

वाद झाला तो घसरगाडीवरून. बर्फ पडलाच नाही तर? अध्यक्ष म्हणाले, गेल्या वर्षी पडला होता. बेकरीवाला म्हणाला, त्याच्या आदल्या वर्षी नव्हता. तासभर काथ्याकूट. शेवटी स्पर्धेच्या दिवशी बर्फ असेल असा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात एकच मत, नर्सताईंचं. "गाडीला चाकं लावून ठेवू या," एवढंच म्हणाल्या. या बाईला उत्साह म्हणून नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिसात दिवसभर डोंगराच्या उंचीच्या रेषा काढत होतो. आमचं नकाशाखातं, रेषा चुकली तर एखादं गाव दरीत जातं. मोठ्या कागदाखाली माझा खाजगी नकाशा सरकवला आणि खुणांच्या जागा ठरवल्या. एकूण चौसष्ट. साहेब कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही.

"ही कुठली नदी?"

"नवीन आहे, साहेब."

मान हलवून निघून गेले. सरकारी काम असं चालतं.

२७ डिसेंबर, शनिवार

सहा पथकांनी नावं दिली. छत्तीस मुलं. इतकी कधीच नव्हती.

सभेनंतर नर्सताई थांबल्या. "सर, माग रानातून कुठून जातो ते मला सांगून ठेवाल का? छोटेसुद्धा त्याच रानातून शेवटच्या टप्प्यावर जाणार आहेत, टाळ्या वाजवायला."

म्हटलं, ते गुप्त आहे. पेपर कोणी आधी दाखवतं का?

"मी स्पर्धेत नाहीये, सर."

तत्त्व म्हणजे तत्त्व. सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

१० जानेवारी, शनिवार

लख्ख ऊन. घसरगाड्यांना चाकं लावली.

१७ जानेवारी, शनिवार

बेकरीवाल्याला घेऊन खुणा मांडल्या. पाच तास. गुडघ्यांची पार वाट लागली. पण काय झालंय काम! प्रत्येक बाण असा की नवख्याला दगड दिसावेत आणि जाणत्याला दिशा.

शेवटच्या गाठीशी बसलो आणि टोपी डोळ्यांवर ओढली. पहिल्या वर्षी नऊ मुलं होती, त्यातली दोन चुकून आलेली. ही मुलं, हे रान सोडून शनिवारी दुपारी मी करणार काय? घरी बसून कोणाला शिट्टी वाजवू? बेकरीवाला लांब होता ते बरं झालं.

१८ जानेवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळ उत्तम गेली. चुली पेटल्या, तंबू उभे राहिले, एक गाडी चाकासकट ओढ्यात गेली पण हसण्यावारी निभावलं. दुपारी बाराला छोटे शेवटच्या टप्प्याकडे निघाले. त्यांना निरोप देताना दोन शब्द बोललो. म्हणजे वीस मिनिटं. उत्स्फूर्त. काय बोललो ते माझं मलाच आठवत नाही, पण रंगलं. दीडला सहाही पथकं माग काढायला सोडली. मी आडवाटेने शेवटच्या टप्प्यावर जाऊन उभा राहिलो. घड्याळ हातात.

अडीच. तीन. कोणी नाही. धुकं उतरायला लागलं.

तिथे होते फक्त छोटे. गाल लाल, चेहरे फुललेले, आणि पायाशी चार गच्च भरलेल्या पिशव्या. एक पिशवी उघडली. दगड. दुसरीत काटक्या, नीट एका मापाच्या जुड्या बांधलेल्या. माझ्या चौसष्ट खुणा! रोज एक सत्कृत्य करायचं हा आमच्या पथकांचा नियमच. पोरांनी आजचं सत्कृत्य म्हणून रान साफ केलं होतं.

छत्तीस मुलं तीन वाजता धुक्यात, आणि वाटेवर एक खूण नाही. पाचपर्यंत सगळी मिळाली. एक पथक हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर होतं, गरम दूध पीत. बाकीची झाडांमधून एकेक करून. एका मुलीची बोटं बधिर होऊन पांढरी पडली होती. नर्सताईंनी स्वतःच्या कोटात तिचे हात धरून ठेवले, अर्धा तास, एक शब्द न बोलता. मी बाजूला उभा राहून शिट्टी वाजवत होतो. कशासाठी, देव जाणे.

तिचे वडील आले. "तुमच्या भरवशावर पाठवली होती," म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२० जानेवारी, मंगळवार

तातडीची सभा. अध्यक्षांचा प्रश्न एकच — छोट्यांना वाट साफ करायला सांगितलं कोणी?

नर्सताईंनी हात वर केला. "छोटे माझ्याबरोबर होते. जबाबदारी माझी."

मनात म्हटलं, निदान कबूल तरी केलं. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष उठले. "सर, तुमच्याशिवाय कसं होणार?" अगदी हेच शब्द! मी नाही म्हणालो. मग विचार करतो म्हणालो. मग मुलांसाठी म्हणून मागे घेतला. टाळ्या. बेकरीवाल्याने पुन्हा डोळे पुसले.

नर्सताईंना प्रमुखपद नाही. छोटेही तूर्तास माझ्याकडे. त्यांनी शांतपणे कपाटाची किल्ली आणि वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "या आठवड्याच्या तपासायच्या राहिल्यात," म्हणाल्या. आठ वर्षं त्या छोट्यांना सांभाळत होत्या. पर्स उचलली आणि गेल्या.

घरी आलो तो शीळ घालतच.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी चहा घेऊन वह्या तपासायला बसलो. सत्कृत्यवह्या. रोज केलेलं एक चांगलं काम छोट्यांनी लिहायचं आणि प्रमुखाने आठवड्याला खाली 'पाहिले' लिहून सही करायची.

पहिली वही, रविवार: "वाटेतले २३ दगड उचलले. सरांनी सांगितलं होतं."

चहा बाजूला ठेवला.

दुसरी: "सर भाषणात म्हणाले की माणसाने केलेलं काहीही रानात ठेवू नका. रान रानासारखं दिसलं पाहिजे. मी दोन फुल्या उचलल्या."

चौथी: "गवताला आपोआप गाठ पडत नाही. म्हणजे ती माणसाने मारली. म्हणून सोडली. खूप घट्ट होती. दात वापरले."

सातवी: "ताई मागे राहिल्या होत्या कारण मला शू लागली होती. म्हणून मला एकच दगड मिळाला."

आठवलं. शब्द न् शब्द आठवला. हात वर करून म्हणालो होतो, रान रानासारखं दिसलं पाहिजे. नर्सताई तेव्हा माझ्या शेजारीच उभ्या होत्या. माग कुठून जातो हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी तिथल्या तिथे मला थांबवलं असतं. ठाऊक नव्हतं, कारण मी तत्त्वाचा माणूस.

बारावी वही, सगळ्यात लहान मुलीची, अक्षर ओळीच्या वर-खाली: "ताईंनी विचारलं कोणी सांगितलं. आम्ही म्हणालो सरांनी. ताई म्हणाल्या सरांना हे सांगू नका, त्यांना फार लागेल. पण वहीत खरं लिहायचं असतं."

बारा ठिकाणी 'पाहिले' लिहिलं. बारा सह्या केल्या. वह्या माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. गप्प बसलो तर कोणाला काही कळणार नाही. हा विचार मी केला. चांगली दहा मिनिटं केला. लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटलेली आठवत नाही.

हिला वह्या वाचायला दिल्या. सगळ्या वाचल्या. मग माझा गार झालेला चहा नेऊन गरम करून आणला.

२५ जानेवारी, रविवार

समिती बोलावली. बाराही वह्या वाचून दाखवल्या. माझ्याकडून एक वाक्य जोडलं नाही. एका ओळीचा राजीनामा दिला आणि किल्ली नर्सताईंच्या हातात ठेवली. थांबा म्हणून कोणी म्हणालं नाही. बाहेर पडताना नर्सताईंनी गाठलं. "सर, शनिवारी साडेतीनला छोट्यांना गाठी शिकवायला एक मदतनीस लागेल. वेळेवर यायचं."

"येतो, ताई," म्हटलं आणि टाचा जुळवून सलाम केला. बावीस वर्षांत सलाम आधी मी केला, ही पहिलीच वेळ.