मैनेच्या गुळाचा डबा

विश्रांतवाडी, पुणे
वैशाख वद्य एकादशी

प्रिय कल्याणी,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून तू आणि तुझ्या खोलीवरची स्वराली दोघी हसाल. एकाच शहरात राहून, हातात फोन असताना आई पोस्टाने पत्र पाठवते. फोन मी तीनदा केला. दोनदा तू उचलला नाहीस, आणि तिसऱ्यांदा उचललास तेव्हा मंडईत तोंडली किती महाग झाली हे सांगून मी ठेवून दिला. जे सांगायचं होतं ते तसंच राहिलं. म्हणून आज उपासाचं उरकून, देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे. कागद तुझ्याच कॉलेजच्या वह्यांतले आहेत. इतकी कोरी पानं सोडून वही टाकून देतेस, तुझं तुलाच ठाऊक.

घरचं बरं आहे. तुझे बाबा बरे आहेत असं म्हणायचं. घोडे न्यायची गाडी सहा आठवडे मैदानात उभी आहे. एका लग्नाची घोडी सासवडला न्यायची होती, नाही म्हणाले. वाघोलीहून दोन घोडे अकलूजला जायचे होते, तेही नाही. कुणी विचारलं तर गाडीचं काम निघालंय म्हणतात. गाडीला काहीही झालेलं नाही. रोज संध्याकाळी जातात, आतली रबराची चटई धुतात, वाऱ्याच्या झडपा उघडतात, परत लावतात आणि घरी येऊन बातम्या बघतात. तुझं नाव काढत नाहीत. ताट वाढताना माझ्याकडून तीन पानं घेतली जातात, तेव्हा उठून तिसरं तेच जागेवर ठेवतात.

तू सात वर्षांची होतीस तेव्हाची गोष्ट आठवते का, बघ. ड्रायव्हरशेजारी एकच सीट. त्या सीटवर उशी घालून बाबांनी तुला बसवलं आणि लोणावळ्याला नेलं. तू खिडकीतून मला हात केलास. मी फाटकात दशम्यांचा डबा हातात घेऊन उभी. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि त्या सीटवर मी एकदाही बसले नव्हते. घोडा गाडीत असताना बायकामाणसांचं काय काम, असं हे म्हणायचे. परत आलीस ती घाटांची नावं पाठ करून. मला मात्र सत्तावीस वर्षं फोनवर एकच शब्द ऐकू येतो, ‘पोचलो’.

पुढे तू मोठी झालीस आणि घोड्याजवळच्या आतल्या फळीवर बसायला लागलीस. जेवताना तुमचं दोघांचं चालायचं. शेठच्या घोडीचं, मैनेचं, डोकं आखडून बांधायचं नाही, तिला मान खाली घालून खोकता आलं पाहिजे. तोंडासमोर गवताची जाळी हवी, चघळत राहिली की घाबरत नाही. आत मोठ्याने बोलायचं नाही, खांद्यावर हात ठेवून आपला श्वास सावकाश करायचा, की तिचाही होतो. मी वाढत असायचे आणि ऐकत असायचे. घोडीशी इतक्या हळू आवाजात बोलणारा माणूस मला मात्र स्वयंपाकघरातून ओरडून मीठ मागतो. मैनेला ऊन लागू नये म्हणून त्यांनी गाडीला दोन नवे पंखे बसवले. आपल्या ओट्यावरचा पंखा तीन वर्षं कुरकुरतोय. घोडीचा हेवा करायचा म्हणजे किती खालची पायरी, हे मला कळतं. पण घोडीचा एकवेळ मी सोसला असता.

खरं टोचलं ते गोणपाटाचं. वीस वर्षं मी गोणपाटं धुऊन, शिवून, उन्हाळ्यात ओली करून गाडीत द्यायचे, घोड्याच्या पाठीवर टाकायला. तू घोड्यांच्या निगेचं तीन दिवसांचं शिबिर करून आलीस आणि म्हणालीस, ‘आई, ओलं गोणपाट टाकायचं नसतं. वारा लागत नाही, आत वाफ कोंडते, घोडा आणखी तापतो. पाणी ओतायचं, वाहून जाऊ द्यायचं, परत ओतायचं.’ तू वाईट बोलली नाहीस. पण बाबांनी लगेच मान डोलावली आणि म्हणाले, ‘हिचं बरोबर आहे.’ वीस वर्षांत माझं एकदा तरी बरोबर आहे म्हणाले असते तर मी त्या दिवशी गोणपाटांची पायपुसणी करताना रडले नसते. माझे डोळे बघून तुला वाटलं, कांदा चिरलाय. एकादशीला कोण कांदा चिरतं?

मग माझ्याकडे उरला फक्त गूळ. घोडं परक्या गावचं पाणी तोंडात घेत नाही, वास घेऊन मान फिरवतं. म्हणून निघायच्या आधी आठ दिवस तिच्या रोजच्या बादलीत गूळ विरघळवायचा आणि वाटेत कुठलंही पाणी मिळालं तरी त्यात तोच गूळ घालायचा. चव तीच लागली की पिते. ही युक्ती माझी आहे. शिबिराची नाही आणि तुझ्या बाबांचीही नाही. तुझ्या जन्माच्या वर्षी एक घोडा सोलापूरच्या वाटेवर पाणी पिईना, तेव्हा मी यांना सांगितली होती. तू लहान असताना औषध घ्यायची नाहीस, त्यावरून सुचली. मंडईतला एकच दुकानदार, एकच काळा गूळ, एकच पितळी डबा.

एप्रिलात मैना कोल्हापूरला जायची त्या दिवशी सकाळी तू फोनवर यादी काढून एकेक वस्तू गाडीत ठेवत होतीस. पाण्याचे सहा कॅन, गवत, बादल्या, गुळाचा डबा. मी चहा घेऊन आले. बाबा कप हातात घेत म्हणाले, ‘आता कल्याणी सगळं बघते. तू कशाला लवकर उठतेस, झोपत जा.’ त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं असेल. मला ऐकू आलं ते एवढंच, की माझी गरज संपली.

तुम्ही दोघं मैनेला आणायला तबेल्यात गेलात. गाडीचं मागचं दार उघडं होतं. मी डबा काढला, पदराखाली घेतला आणि घरात आणून देवघराच्या फळीवर ठेवला.

हो, मी. तू डबा विसरली नव्हतीस. तू ठेवला होतास.

मैनेला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, हे माऊलींची शपथ घेऊन सांगते. मला वाटलं, कात्रज ओलांडलं की लक्षात येईल आणि फोन येईल, ‘अगं, गूळ राहिला, आता काय करू?’ मग मी रिक्षा करून स्वारगेटला जाईन, एखाद्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात डबा देईन, आणि दोघांना कळेल, की एवढी यादी असूनही आईवाचून अडतं. साडी बदलून, पर्स खांद्याला लावून मी फोनसमोर बसून होते. डब्याभोवती फडकंसुद्धा बांधून ठेवलं होतं.

फोन आला नाही. शेठची कागदपत्रं उशिरा आली म्हणून तुम्ही ऊन चढल्यावर नऊला निघालात, हे मला नंतर कळलं. खेड शिवापूरला डबा नाही असं दिसलं, तेव्हा तूच बाबांना म्हणालीस, ‘आईला नको सांगू, ती टोमणे मारेल.’ दुकानातला पिवळा गूळ घेतलात आणि तो मैनेने हुंगून सोडून दिला. पुढे खंबाटकीच्या पायथ्याला कंटेनर उलटलेला, अडीच तास गाडी जागेवर. चालत्या गाडीत वारा असतो, उभी गाडी भट्टी होते. आठ दिवस गुळाचं पाणी प्यायलेली मैना कॅनमधलं नुसतं पाणीही घेईना, आधीच तहानलेली. तिच्या नाकपुड्या फुलल्या, हिरड्या कोरड्या पडल्या, पाय थरथरायला लागले. तू सहाही कॅन तिच्या अंगावर ओतलेस, वाहून जाऊ दिलेस, परत ओतलेस. आजूबाजूच्या गाड्यांतून प्यायच्या बाटल्या मागून आणल्यास. वाईचे डॉक्टर मोटारसायकलवर पोचले तेव्हा म्हणाले, की या मुलीने ओलं काही पांघरून ठेवलं असतं तर मी येऊन उपयोग नव्हता. म्हणजे घोडी वाचली ती तुझ्या त्या तीन दिवसांच्या शिबिराने. माझ्या गोणपाटाने ती गेली असती आणि मी काढून घेतलेल्या डब्यापायी ती मरता मरता राहिली.

आणि मैनेला सावकाश कोल्हापूरला पोचवून दुसऱ्या रात्री घरी आल्यावर बाबा तुला म्हणाले, ‘एवढं एक काम होतं तुझं.’ तू म्हणालीस, ‘ठेवला होता असं वाटतं मला.’ ते म्हणाले, ‘वाटून घोडी पाणी पीत नाही.’ मी पोळ्या लाटत होते, तीन पावलांवर. डबा तोवर मी देवघरातून काढून डाळीच्या डब्यांमागे लपवला होता. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर बाबा मला बोलले असते आणि तू इथेच असतीस. मी पोळी उलटली. आणखी एक सांगून टाकते, म्हणजे काही मागे राहायला नको. ते तुला बोलले तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. पहिल्यांदाच ते तुला बोलत होते आणि मला नाही.

चार दिवसांनी तू बॅग भरलीस. ऑफिसची नोकरी लागली, बाणेरला स्वरालीच्या खोलीवर राहते म्हणालीस. पण जाताना मला विचारलंस, ‘आई, मला हल्ली विसरायला होतं का गं?’ बाई, तो प्रश्न मला जपाला बसू देत नाही. चांगल्या डोक्याच्या मुलीला मी तिच्याच डोक्यावर संशय घ्यायला लावला.

मी गूळ सोडला आहे. चहात, पुरणात, कशातच नाही. माऊलींपुढे कबूलही केलं. पण ते सोपं होतं, माऊली कुणाला सांगत नाहीत.

पुढच्या गुरुवारी मैना परत यायची आहे. शेठ दुसरी गाडी करायला तयार आहेत, पण ती दुसऱ्या गाडीत चढत नाही. अर्धा गूळ मी परवाच स्वारगेटहून पार्सलने कोल्हापूरला पाठवला. तिथल्या माणसाला फोनवर दोनदा माप समजावलं, आणि कालपासून तो रोज तिच्या बादलीत घालतो आहे. बाबा म्हणतात, ‘आत कोण बसणार? एकट्याने मी तिला आणणार नाही.’ तर आत तू बसायचंस. त्याचसाठी हे पत्र. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे पोस्टात टाकून दोन दिवसांनी तुला पोचलं, की सांगणार आहे आणि काय बोलतील ते ऐकून घेणार आहे. आधी त्यांना सांगितलं असतं तर ते तसेच उठून बाणेरला आले असते, आणि तू बाबांनी बोलावलं म्हणून घरी आली असतीस. निदान या वेळी तू माझ्या बोलावण्यावरून यावंस, एवढा हेवा माझ्यात अजून शिल्लक आहे. तो जाईल असं खोटं वचन देत नाही. बुधवारी मुक्कामाला ये. डबा मी घासून भरून ठेवते, पण गाडीत तो तूच ठेव, आणि दार लावून होईपर्यंत माझ्यावर लक्ष असू दे.

तुझीच,
आई