मागून म्हणणारी

नाही, माझा घसा बसला नव्हता अन् मी भ्याली पण नव्हती. कोणी विचारलं नसलं तरी आधीच सांगून ठेवते, काहून की आपल्या जबलपूरच्या गोरखपुरातली बातमी पुण्याला पोहोचता पोहोचता तिला शेपूट फुटते.

विमल, जयभीम. गुडघे कसे आहेत तुझे? अश्वजीतच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे म्हणजे दुखायचं कारण नाही, तरी विचारते, मोठी जाऊ आहे. तुझे भासरे, म्हणजे आमचे गुलाबराव, बरे आहेत. उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्यानं येते पण मानत नाहीत. (फोन नाही केला, तू तो स्पीकरवर ठेवतेस अन् सून सगळं ऐकते. चिठ्ठी बरी. मराठी वाचायचं म्हटलं की तिचं डोकं दुखते.)

तर रमाईच्या जयंतीला विहारात आपल्या मंडळाचं गाणं होतं. तू मुलाकडे गेलीस, आता समोर कोण बसणार? मंडळातली हर्षा म्हणे, "बाई, तुम्हीच." मी म्हटलं, मी जन्मभर मागून म्हणणारी, विमल ओळ सांगते, मी उचलते. "अच्छा, मग आता दोन्ही तुम्हीच करा." चलो, बसली. ढोलक सुरू झाली, फिरून फिरून तिथंच येऊन राहिली, अन् मी आपली वाट पाहून राहिली. शेवटी वैतागून बोलली, "म्हण नं वो विमल, काहून चूप बसली?" माईक चालू होता. सगळं विहार हसलं.

मग मलाच म्हणावं लागलं. ओळ म्हटली अन् थांबली. सवय नं बाप्पा! तू सांगितल्याशिवाय पुढची उचलू कशी? मनातल्या मनात तुझी ओळ पूर्ण वाजली, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. दर ओळीला तेच. मागच्या बायांना वाटलं असंच ठरलं असेल, त्या पण चूप. आमच्या यांना वाटलं माईक मेला, उठून आले अन् त्याला दोन थापडा मारल्या. अन् मी पाहते तर समोरच्या बाया पदरानं डोळे पुसून राहिल्या!

उतरली तर सदर बाजारातली प्रणाली, गाणं शिकते ती, मोबाईल धरून मागं लागली. "बाई, ये ठहराव कहाँ से सीखा? आप पर किसका असर है?" आता असर काय सांगू? लहानपणी बाबांच्या कव्वाली पार्टीतले पेटीवाले काका दर कडव्याआधी खोकत. मला वाटे तेही गाण्यातलंच आहे. लग्नापर्यंत मी खोकूनच गात होती. मग रेडिओ ऐकून नाकातून गायला लागली, तर सासूबाई पोळी तव्यावर टाकून धावत आल्या, कोण रडून राहिलं म्हणून. मग तू लग्न होऊन आलीस. बिड्या वळता वळता गळा उघडलास, अन् मी खोकला, नाक, सगळं टाकून दिलं. तुझ्या मागं लागली ती लागलीच.

हे तिला नाही सांगितलं. म्हटलं, सुपारी अडकली होती. तर म्हणते, "नहीं बाई, ये आपकी अपनी आवाज़ है. इसे बदलना मत." या वयात मला माझा आवाज सापडला म्हणे. कसला माझा! अर्ध्याच्या वर तर चूपपणा आहे, अन् तो तुझा आहे.

घरी भांडे घासताना पण आता तसंच होते. ओळ म्हणते, थांबते. नळ वाहत राहते. हे ओरडतात.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझी मोठी जाऊ

ता. क. : पाटन गाववाल्यांनी बुद्धपौर्णिमेला बोलावलं आहे, 'वो रुक-रुक के गाने वाली बाई' म्हणून. तू येऊ नको. आलीस तर मधली जागा भरून जाईल अन् माझी नवी गायकी तिथंच बुडेल.

आणखी एक ता. क. : अश्वजीत काल फोन करून सांगत होता, आई स्वयंपाकघरात एकच ओळ म्हणते अन् मग चूप उभी राहते, डॉक्टरला दाखवू का. त्याला म्हण, डॉक्टर नको, जबलपूरचं तिकीट काढ. गायकी गेली खड्ड्यात.

काहून म्हणून विचारू नको. यापुढं मी काही सांगणार नाही.