तळहातावरचा डोंगर

प्रिय भिंगरी,

पुढच्या दोन वर्षांच्या समुद्रावरच्या सफरीला तू नकार कळवणार आहेस, हे आईने मला कागदावर लिहून दाखवलं. कारण काय, तर बाबांचे कान. त्याचा समाचार शेवटी घेतो. आधी तू पाठवलेल्या आवाजाबद्दल.

समुद्राच्या तळाशी सोडलेल्या तुझ्या माइकने टिपलेली ज्वालामुखीची गुरगुर आईने मोठ्या स्पीकरवर लावली. मला काहीच ऐकू आलं नाही. छापखान्यात उभा जन्म काढला, कान तिथेच राहिले. मग आईने माझा हात ओढून स्पीकरच्या जाळीवर ठेवला. आधी टक, टक. पाण्यात सोडण्यापूर्वी तू माइक बोटाने तपासला असणार. आणि मग, अगं, माझा तळहात थरथरायलाच लागला! मध्येच गप्प, पुन्हा दणका. मोठं यंत्र सुरू होताना छापखान्याची फरशी अशीच हलायची. मी ते पुन्हा पुन्हा लावायला लावलं. शेवटी वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब भांडायला खाली आले. त्यांचाही हात धरून जाळीवर ठेवला. माझ्या मुलीचा डोंगर आहे, म्हटलं. बिचारे भांडण विसरून चहा पिऊन गेले.

त्यांना सगळं मीच समजावलं. गेल्या सुट्टीत तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं काढून दाखवली होतीस ना, तसंच. समुद्राचा तळ दोन बाजूंना ओढला जाऊन फाटतो, खालून वितळलेला दगड वर येतो. गार पाणी लागताच त्याच्यावर कडक साल धरते. आतला रस ती फोडून बाहेर पडतो, तोही गोठतो, आणि असा गोळ्यावर गोळा चढत डोंगर होतो. कुठे पाणी आंबट होऊन शिंपले मरतात, तर कुठे त्याच डोंगरातून निघणाऱ्या गरम झऱ्यांवर, उजेडाचा कवडसाही नसताना, खेकड्यांची वसाहत वाढते. पोळतोही आणि पोसतोही, म्हणजे सासरच की, असं तुझी आई तेव्हा म्हणाली होती. वकीलसाहेबांना हेही सांगितलं. आई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, पण अंगावर मूठभर मांस तिच्याही चढलं होतं.

आता तुझ्या नकाराचं. फोनवर मी हो हो म्हणतो ते गेले काही महिने आईच्या खुणा बघून. उजव्या कानाचं तुला ठाऊकच होतं; आता डावाही गेला, परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तू धावत येशील म्हणून आईने लपवलं. पण येऊन करशील काय? इथे शेजारी बसून बोललीस तरी तुझा आवाज मला येणार नाही. डोंगराचा येतो. तो अजून वाढतोय म्हणालीस, मग त्याच्याजवळ आपल्या घरातलं माणूस नको? तेव्हा निमूटपणे होकार कळव. फक्त दर वेळी माइक पाण्यात सोडण्याआधी त्याच्यावर दोनदा टकटक कर. डोंगराच्या आधी मला तू कळशील.

तुझाच,
स्पीकरला हात लावून बसलेला
बाबा